बांधायला निधी येतो, चालवायला येत नाही

वाचकांचे प्रश्न : घरपट्टी, पाणीपट्टी आणि सरकारी अनुदान

या वेळच्या पत्रांत महाराष्ट्रातल्या गावांचे प्रश्न जास्त आहेत, शहरांचे थोडे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. हिशेबातले दर जिथे ‘समजा’ म्हणून धरले आहेत, तिथे आपल्या गावचे आकडे घालून पुन्हा गणित करावं.

प्रश्न : आमच्या गावात तीन वर्षांत दोन सिमेंट रस्ते झाले, स्मशानभूमीत शेड झाली. पण पथदिव्यांचं बिल थकलं म्हणून वीज तोडली. लाखांनी निधी येतो, मग महिन्याचं चार-पाच हजारांचं बिल भरायला पैसे कसे नाहीत?

ग्रामपंचायतीकडे पैसा येतो तो एका गल्ल्यात पडत नाही. प्रत्येक रकमेवर ती कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं आणि एका शीर्षाचा पैसा दुसऱ्याला लावला तर लेखापरीक्षणात तो आक्षेप म्हणून निघतो.

तुमच्या गावचे रस्ते बहुधा ‘२५१५’मधून झाले असतील. हा लेखाशीर्षाचा, म्हणजे सरकारी हिशेबातल्या खात्याचा आकडा. ग्रामविकास विभागाकडून गावांतर्गत मूलभूत सुविधांसाठी येणाऱ्या निधीला सगळे याच आकड्याने ओळखतात. स्मशानभूमीची शेड ‘जनसुविधा’ योजनेतून. असा निधी मंजूर होतो तोच कामाच्या नावानिशी : अमुक घरापासून तमुक मंदिरापर्यंत काँक्रीट रस्ता. त्यातले शंभर रुपयेही वीजबिलाला वळवता येत नाहीत.

दुसरा पैसा केंद्रीय वित्त आयोगाचा. पंधराव्या आयोगाने २०२१-२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. त्या पाच वर्षांसाठी महाराष्ट्रात या रकमेतले ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला अशी वाटणी ठरली. ग्रामपंचायतीच्या वाट्याचे ६० टक्के ‘बंधित’ : निम्मे स्वच्छतेला, निम्मे पिण्याच्या पाण्याला. उरलेले ४० टक्के ‘अबंधित’, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि आस्थापना खर्च त्यातून करायचा नाही. पाणी योजनेचं बिल बंधित हिश्श्यातून आणि पथदिव्यांचं अबंधितमधून भरायची वाट राज्याने २०२१ मध्ये दाखवली, तेव्हा सरपंचांनी बरीच नाराजी व्यक्त केली होती. नाराजी समजण्यासारखी आहे, कारण बिलात गेलेले पैसे गटारीला उरत नाहीत. शिवाय बिल येतं दर महिन्याला आणि अनुदान येतं हप्त्याने, तेही आराखडा आणि हिशेब ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढले असतील तर. (२०२६-२७ पासूनची पाच वर्षं सोळाव्या आयोगाच्या कक्षेत येतात, तेव्हा टक्केवारी नव्या शासन निर्णयातूनच बघावी.)

तिसरा पैसा ग्रामनिधी. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५७ मध्ये तो सांगितला आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं, मुद्रांक शुल्कातला हिस्सा हे सगळं यात. महिन्याच्या महिन्याला हात घालता येईल असा हा एकच पैसा. आणि गावाने थकवलेला असतो तोही हाच.

दिव्यांचा हिशेब छोटा आहे. १०० दिवे, प्रत्येकी २० वॉट, रात्री ११ तास : दिवसाला २२ युनिट, महिन्याला ६६०. युनिटला समजा ७ रुपये, तर ४,६२० रुपये. चारशे उंबऱ्यांच्या गावात घरामागे महिन्याला बारा रुपयेही पडत नाहीत. दिवसा दिवे चालू राहिले तर मात्र हेच बिल दुपटीवर जातं. ज्या गावात टायमर किंवा फोटोसेल बसवलेला नाही आणि बटण दाबायची जबाबदारी ‘कोणाची तरी’ आहे, तिथे सकाळी अकराला दिवे जळताना दिसतात. बिल थकलंय म्हणून तक्रार करण्याआधी एकदा सकाळी फेरी मारून बघा.

प्रश्न : आमची ग्रामपंचायत वर्षाला १,२०० रुपये पाणीपट्टी घेते. शेजारच्या गावात ६०० आहे. आम्हाला लुटलं जातंय का?

शेजारच्या गावाशी तुलना करू नका, तुमच्या पंपाशी करा. त्यांचं पाणी उताराने येत असेल, तुमचं साठ मीटर चढवावं लागत असेल.

लोकसंख्या २,००० आणि घरं ४०० असं गाव घेऊ. जल जीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर, म्हणजे गावाला १,१०,००० लिटर. टाकीपर्यंतची चढण ६० मीटर, पंप १० अश्वशक्तीचा. गळतीसकट एवढं पाणी द्यायला तो साधारण सहा तास चालतो. १० अश्वशक्ती म्हणजे साडेसात किलोवॉट, पण मोटर स्वतः काही वीज खाते, म्हणून मीटरवर पावणेनऊच्या आसपास पडतात. सहा तासांचे सुमारे ५२ युनिट, महिन्याचे १,५७५. सातच्या दराने ११,००० रुपये. वर्षाचे १,३२,०००.

टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, हजार लिटरला ५ ग्रॅम. १,१०,००० लिटरला ५५० ग्रॅम, म्हणजे वर्षाला २०० किलो. समजा वर्षाचे १२,००० रुपये. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला समजा महिना ९,००० : वर्षाचे १,०८,०००. मोटर रिवाइंडिंग, व्हॉल्व्ह, फुटलेली पाइपलाइन मिळून ६०,०००. एकूण ३,१२,०००.

चारशे घरांत भागलं तर घराला ७८० रुपये. इथेच बहुतेक ग्रामपंचायती फसतात, कारण ठराव ७८० चा होतो आणि पैसे सगळी घरं देत नाहीत. वसुली ७० टक्के झाली तर २८० घरांचे २,१८,४०० जमतात आणि ९३,६०० ची तूट येते. वीज तोडतात म्हणून वीजबिल आधी भरतात, माणूस गेला तर पाणीच सुटत नाही म्हणून पगार देतात. मग कापलं जातं ते टीसीएल आणि दुरुस्ती. त्याची फळं पावसाळ्यात जुलाबाच्या साथीत आणि एप्रिलमध्ये जळलेल्या मोटरीत दिसतात.

१,२०० दराने ७० टक्के वसुलीतही ३,३६,००० येतात, खर्च भागून २४,००० उरतात. म्हणजे या गणिताच्या गावात १,२०० हा लुटीचा दर नाही. पण त्यात एक अन्याय आहेच : पट्टी भरणारी २८० घरं न भरणाऱ्या १२० घरांचं पाणी भरताहेत. पाणीपट्टी कमी करण्याचा रास्त मार्ग थकबाकीची यादी ग्रामसभेत वाचण्यातून जातो. चारही बाजूंनी ‘दर कमी करा’ असं ओरडणाऱ्यांमध्ये थकबाकीदार किती, हेही मग कळतं.

टीसीएलबद्दल आणखी थोडं. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं. पोतं उघडं, दमट जागी पडलं की ते उडून जातं आणि २० टक्क्यांखाली गेलेली पावडर कामाची राहत नाही. कागदावर खरेदी असते, टाकीत पावडर पडते, आणि तरी शेवटच्या नळाला क्लोरीन सापडत नाही, ते यामुळे. जलसुरक्षकाला (गावातलं पाणी तपासणारा माणूस) शेवटच्या घरातल्या नळावर ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते रंगावरून बघणारी चाचणी, करायला सांगा. पाण्याला पिवळी छटा यायला हवी.

प्रश्न : माझं आणि शेजाऱ्याचं घर दिसायला सारखं. त्याला ७०० रुपये घरपट्टी, मला १,१०० च्या वर. ही कशी काढतात?

२०१५ च्या अखेरीस कर नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर आहे. आधी इमारतीचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर. मग क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसाऱ्याचा दर (बांधकाम जितकं जुनं, तितका हा कमी). दोन्हींची बेरीज, आणि तिला वापराच्या भारांकाने गुणायचं. राहत्या घराचा भारांक १, व्यापारी वापराचा १.२५. आलेल्या मूल्यावर दर हजारी किती कर, ते ग्रामपंचायत नियमातल्या किमान-कमाल मर्यादेत ठराव करून ठरवते.

समजा घर ७० चौरस मीटर, जमिनीचा दर ६००, बांधकामाचा १८,०००, घसारा ०.८५. जमिनीचे ४२,०००, बांधकामाचे १०,७१,०००, मिळून ११,१३,०००. हजारी एक रुपया कर असेल तर घरपट्टी १,११३ रुपये.

आता फरक कुठून पडतो ते बघा. शेजाऱ्याचं बांधकाम जुनं असेल तर घसाऱ्याचा दर कमी लागून मूल्य कमी होतं, ते बरोबरच आहे. त्याच्या नोंदीत अजून मातीचं घर असेल आणि उभं आहे आरसीसी, तर ती चूक आहे, आणि त्याला सोयीची असल्याने तो बोलणार नाही. पुढच्या खोलीत किराणा दुकान असेल तर तेवढ्या भागाला १.२५ लागला पाहिजे. सगळ्यात महागडी चूक मापाची : ७० चौरस मीटर म्हणजे ७५३ चौरस फूट. कोणी ७५३ हा आकडा चौरस मीटरच्या रकान्यात भरला तर कर जवळजवळ अकरापट होतो.

म्हणून ‘कर जास्त आहे’ असा मोघम अर्ज देऊ नका. नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवहीचा उतारा घ्या आणि त्यातलं क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष आणि वापर हे चार रकाने टेपने मोजून ताडून बघा. चुकलेला रकाना नेमका दाखवून लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. चार वर्षांनी फेरआकारणी होते. तेव्हा यादी हरकतींसाठी लावतात, तो सगळ्यात सोपा मोका. तिथे दाद लागली नाही तर अपील पंचायत समितीकडे.

जाता जाता : नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही. तो कर कोणाकडून घ्यायचा याची नोंद आहे. भावकीच्या अर्ध्या भांडणांत हा उतारा सातबारासारखा फडकवला जातो, म्हणून सांगितलं.

प्रश्न : घरपट्टी थकली म्हणून दाखला अडवता येतो का? आणि खुद्द सदस्यच भरत नसतील तर?

थकबाकीसाठी कायद्याने दिलेला रस्ता ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ मध्ये आहे : आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जंगम मालमत्तेची जप्ती. गावकीच्या भिडेपोटी जप्तीपर्यंत सहसा कोणी जात नाही. अलीकडे ग्रामपंचायती थकबाकीची प्रकरणं लोकअदालतीत ठेवतात आणि तिथे बरीच तडजोडीने मिटतात. जन्म-मृत्यूच्या दाखल्याचा कायदा वेगळा, १९६९ चा, आणि करासाठी दाखला अडवायची तरतूद त्यात नाही.

सदस्याचं म्हणाल तर बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर कलम १४ खाली सदस्यत्व जाऊ शकतं. ‘रीतसर बजावल्यापासून’ हे शब्द महत्त्वाचे. बिल दिल्याची सहीच नसेल तर तक्रार टिकत नाही, आणि गावच्या पुढाऱ्यांना बिल बजावायला कर्मचारी कचरतात, हे उघड गुपित आहे.

प्रश्न : ग्रामपंचायतीने महिलांना शिलाई मशीन वाटली आणि सांगितलं, हा खर्च करावाच लागतो. खरं आहे?

खर्च करावा लागतो हे खरं, मशीनच वाटावी लागते हे नाही. स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. स्वउत्पन्न चार लाख असेल तर दिव्यांगांचे २०,००० झाले. मार्च उजाडेपर्यंत ते पडून राहतात आणि मग घाईने काहीतरी वाटप उरकतात. डिसेंबरच्या आत ग्रामसभेत मागणी नोंदवली तर मशीनऐवजी अंगणवाडीच्या शौचालयाची दुरुस्तीही होऊ शकते.

प्रश्न : शहरातल्या आमच्या मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर अशा ओळी आहेत. महापालिका एवढे कर घेऊनही सरकारपुढे हात का पसरते?

बिल महापालिकेचं असलं तरी त्यातली प्रत्येक ओळ तिची नसते. शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर (हा बिगरनिवासी मालमत्तांवर) १९६२ च्या कायद्याखालचे. महापालिका ते गोळा करून राज्याच्या तिजोरीत भरते. वृक्ष उपकर झाडांसाठीच वापरायचा. रस्ते, सफाई, दवाखाने, दिवे यांना खुलेपणाने वापरता येतो तो सर्वसाधारण कर. बिलात त्याची ओळ वेगळी काढून बघितली की महापालिकेच्या हातात खरं किती पडतं ते कळतं.

हात पसरण्याचं कारण गेलेली जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांत तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. मुंबईत जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत टिकली. जकात नाक्यावर रोज रोख पैसा यायचा. त्याच्या बदल्यात आता राज्य दर महिन्याला नुकसानभरपाई देतं. २०१६-१७ हे वर्ष पायाभूत धरून ती दरवर्षी चक्रवाढीने ८ टक्क्यांनी वाढते. याशिवाय खरेदीखतावर एक टक्का जादा मुद्रांक शुल्क शहरासाठी म्हणून घेतलं जातं. भरपाईची रक्कम ठरलेली असल्याने शहरातला व्यापार दुप्पट झाला तरी महापालिकेच्या पदरात ८ टक्केच वाढ पडते. स्वतःच्या हातात वाढवण्यासारखं उरतं मालमत्ता कर आणि पाणीपट्टी, आणि त्याला हात लावायची हिंमत निवडणुकीआधी कोणी करत नाही.

थकवणाऱ्यांसाठी : महापालिका महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) लावते, म्हणजे वर्षाला २४. ‘अभय योजना येईल’ म्हणून थांबणारे बरेच असतात. ती येते तेव्हा माफी शास्तीला मिळते, मूळ कराला नाही, आणि वेळेवर भरणाऱ्याला त्यात काहीच मिळत नाही. वारंवार माफी देणं हे आमच्या मते वसुली बिघडवण्याचं सगळ्यात खात्रीचं औषध आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीतला काँक्रीट रस्ता सहा महिन्यांत फुटला. जाडी कमी टाकली असा संशय आहे. सामान्य माणसाने तपासायचं कसं?

कागद आणि टेप, दोन्ही लागतील. कागदांत तीन मागा : कामाचं अंदाजपत्रक (इस्टिमेट), मोजमाप पुस्तिकेची पानं आणि अंतिम देयक. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, प्रतीचे पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून एका कामाला एक अर्ज. कामाचं नाव आणि वर्ष ई-ग्रामस्वराजवर किंवा फलकावर असेल तसंच लिहा. ‘गावातल्या सर्व रस्त्यांची माहिती’ मागणारे अर्ज हमखास लटकतात.

आता मोजमाप. इस्टिमेटमध्ये १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड असेल तर काँक्रीट ४५ घनमीटर. जाडी १२ सेंटिमीटर भरली तर ३६ घनमीटर, म्हणजे पाचवा हिस्सा गायब. कडेला टेप लावून फसू नका. शटरिंगच्या पट्टीपाशी जाडी पुरेपूर असते आणि मधला पाया उंच ठेवून तिथे काँक्रीट वाचवतात. रस्ता जिथे फुटलाय किंवा नळजोडणीसाठी कापलाय, तिथल्या उघड्या कडेवर, मध्याजवळ मोजा आणि टेपसकट फोटो काढा.

मात्र फुटण्याचं कारण दरवेळी जाडीच नसतं. चार-साडेचार मीटरवर आडव्या खाचा पाडल्या नसतील तर काँक्रीट आकसताना वाटेल तिथे तडकतं. दोन आठवडे पाणी मारलं नसेल तर वरचा थर भुकटीसारखा सुटतो. खाली मुरूम नीट दाबला नसेल तर स्लॅब एका बाजूने बसतो. तडा बघूनच यातलं बरंचसं ओळखता येतं : आडवा सरळ तडा खाचेअभावी, धुरळा उडत असेल तर पाण्याअभावी, एक बाजू खचली असेल तर पायामुळे. जाडीचा आरोप करून चौकशी लावली आणि जाडी बरोबर निघाली, तर खरी चूक त्यात झाकली जाते. तक्रारीत जे दिसतं ते लिहा, कारण ठरवायचं काम अभियंत्याचं.

आणि तक्रार कधी करायची हे तक्रारीइतकंच महत्त्वाचं. ठेकेदाराच्या देयकातून कर, एक टक्का कामगार कल्याण उपकर वगैरे कापून अनामत रक्कम दोषदायित्वाची, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने निस्तरायची मुदत संपेपर्यंत अडकवून ठेवलेली असते. ही मुदत किती ते करारनाम्यात लिहिलेलं असतं. तोवर दुरुस्ती त्याच्या खर्चाने करून घेता येते. अनामत परत गेली की पुढचा खड्डा घरपट्टीच्या पैशांतून बुजतो. त्यामुळे लेखी तक्रार ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या, प्रत गटविकास अधिकाऱ्याला, आणि अर्जात एक वाक्य न विसरता घाला : ‘दोषदायित्व कालावधी संपण्यापूर्वी अनामत रक्कम परत करू नये.’